घोडा कोणाचा?

आमच्या ग्वाल्हेरच्या एका मोठ्या भागाचं नावच लश्कर आहे. दौलतराव शिंद्यांनी १८१० मध्ये किल्ल्याच्या दक्षिणेला तळ दिला आणि तो तळ पुढे उठलाच नाही. त्यामुळे इथल्या मराठी घरांत मूळ पुरुषाची गोष्ट निघाली की ती घोड्यापासून सुरू होते. वंशावळ घेऊन येणारा जो तो सांगतो, "आमचे पूर्वज शिलेदार होते." बारगीर होते असं सांगणारा मला अजून भेटलेला नाही.

मीही तेच सांगत असे. मग नोकरी सोडल्यावर मोडी शिकलो आणि घरातला एक जुना कागद जुळवून जुळवून वाचला. आमच्या मूळ पुरुषाच्या नावापुढे स्वच्छ अक्षरात 'बारगीर' होतं. दोन दिवस मी घरात कोणाला बोललो नाही. मग या दोन शब्दांच्या मागे लागलो.

स्वतःचा घोडा आणि हत्यारं घेऊन चाकरीला येई तो शिलेदार. सरकारच्या किंवा सरदाराच्या पागेतला घोडा घेऊन स्वारीला जाई तो बारगीर. म्हणजे फरक शौर्याचा नव्हता, मालकीचा होता. शिलेदाराला पगार जास्त, पण चंदी-वैरण, नालबंदी, खोगीर सगळं त्यातूनच भागवायचं. घोडा म्हणजे त्याची शेती, दुकान आणि पत, तिन्ही एकत्र. लढाईत घोडा पडला तर भरपाई मिळेलच असा भरवसा नसे, आणि घोडा गेला की दुसऱ्याचा बारगीर होण्यावाचून फारसा मार्ग उरत नसे.

मराठा घोडदळ समोरासमोरची टक्कर टाळतं, असा ठपका परकीयांनी अनेकदा ठेवला. अठराव्या शतकाच्या अखेरीस पेशव्यांच्या चाकरीत असलेल्या विल्यम टोन या आयरिश अधिकाऱ्याने मात्र त्यामागचं कारण ओळखलं होतं: घोडा स्वाराच्या किंवा पथकाच्या प्रमुखाच्या मालकीचा, त्यामुळे तो पडला तर नुकसान त्याच्याच पदरात. म्हणजे याला भित्रेपणा म्हणण्यापेक्षा हिशेब म्हणणं बरोबर. ज्याचं सगळं भांडवल चार पायांवर उभं आहे, तो ते तोफेच्या तोंडी सहजासहजी देत नाही.

मग सगळे घोडे सरकारचेच केले तर? शिवाजी महाराजांचा कल पागेकडे होता. सभासदाने बखरीत दिलेली रचना एखाद्या कारखान्याच्या तक्त्यासारखी आहे. पंचवीस बारगिरांवर एक हवालदार, पाच हवालदारांचा एक जुमला, दहा जुमल्यांवर एक हजारी. आणि दर पंचवीस घोड्यांमागे एक पखालजी व एक नालबंद, म्हणजे पाणी आणि नाल यांची सोय आधीच धरलेली. शिलेदारही पागेच्या हुकमतीखाली ठेवले होते.

पण इथे दुसरी अडचण उभी राहते. मी पंचवीस वर्षं यंत्रांच्या देखभालीत काढली. कारखान्याची जीप खड्ड्यांतून धाडधाड नेणारा ड्रायव्हर संध्याकाळी स्वतःची स्कूटर फडक्याने पुसत बसलेला मी रोज पाहिला आहे. सरकारी घोड्याचंही तसंच होण्याची भीती होती. राज्याभिषेकाच्या सुमारास चिपळूणजवळच्या हलवर्णे इथल्या छावणीतल्या जुमलेदार-हवालदारांना महाराजांनी पाठवलेलं पत्र प्रसिद्ध आहे. आपण ते रयतेच्या काळजीचं पत्र म्हणून वाचतो, आणि ते आहेच. पण ते आधी घोड्यांचं पत्र आहे. पावसाळ्यासाठी साठवलेला दाणा-वैरण आत्ताच बेहिशेब खर्च केलीत तर ऐन पावसाळ्यात काही उरणार नाही, घोडी मरतील, आणि ती तुम्हीच मारली असं होईल. मग तुम्ही गावकऱ्यांकडून ओरबाडाल, आणि त्यांना तुमच्यापेक्षा मोगल बरे वाटतील. पुढे तर दिव्याची जळती वात उंदीर पळवून नेईल आणि गवताच्या गंजीला आग लागेल, इथपर्यंत बारकाई आहे. मालक जी काळजी न सांगता घेतो, ती नोकराकडून करवून घ्यायला राजालाही इतकं लिहावं लागतं!

म्हणजे घोडा स्वतःचा असला की माणूस जपतो, पण कधी कधी नको तितका जपतो. दुसऱ्याचा असला की झोकून देतो, पण कधी कधी घोड्यालाही झोकून देतो. दोन्ही बाजू सांभाळणारी व्यवस्था फार मेहनतीने उभी राहते आणि लक्ष हटलं की ढासळते. घोड्यांपासून मला मिळालेला धडा हाच.

या हिशेबापलीकडचीही एक गोष्ट आहे, आणि ती शिंद्यांच्याच घराण्यातली. १४ जानेवारी १७६१ रोजी पानिपत हरल्यावर महादजी नामांकित दख्खनी घोडीवरून निघाले. मागे एक अफगाण स्वार लागला होता. मॅल्कमने ही हकिकत नोंदवली आहे. शेवटी दमलेली घोडी खड्ड्यात पडली, अफगाणाने महादजींच्या पायावर वार केला आणि घोडी नेली. महादजी जन्माचे पायाने अधू झाले. त्यांना उचललं ते कुणा शिलेदाराने नव्हे की बारगिरानेही नव्हे. राणेखान नावाच्या भिश्त्याने त्यांना आपल्या पखालीच्या बैलावर घालून दक्षिणेकडे नेलं. महादजींनी पुढे त्याला भाऊ मानलं आणि मोठ्या सरदारकीला चढवलं.

सभासदाच्या तक्त्यातला पंचवीस घोड्यांमागचा तो एक पखालजी मला तेव्हापासून वेगळा दिसतो.

आमच्या वंशावळीत मी आता 'बारगीर' असंच लिहिलं आहे. थोरल्या काकांना ते रुचलेलं नाही, पण कागद त्यांनीही पाहिला आहे. मंडळाच्या सभासदांना एवढीच विनंती, की घरातले जुने कागद पुन्हा एकदा काढा. शिलेदार सापडले तर आनंदच आहे. पण नालबंद, मोतद्दार किंवा पखालजी सापडला तर तो कागद आधी आणा. त्यांच्याबद्दल आपल्याकडे फार थोडं लिहिलेलं आहे.