सदऱ्यावरील क्रांतिकारक

बंगळुरूच्या कमर्शिअल स्ट्रीटवर आणि तिच्या आसपासच्या गल्ल्यांत तयार कपड्यांची जी दुकाने आहेत, त्यांत निर्यातीतून उरलेला माल वर्षानुवर्षे विकला जात आला आहे. अशा बाजारातील टी-शर्टांच्या छातीवर दोन क्रांतिकारकांचे चेहरे वारंवार भेटतात. एक चे गेव्हाराचा, टोपीवर तारा असलेला. दुसरा भगतसिंगांचा, फेल्ट हॅट घातलेला. हे चेहरे विकत घेणाऱ्या तरुणास त्यांच्याविषयी काय ठाऊक असते, हा प्रश्न नेहमी विचारला जातो आणि त्याचे उत्तरही ठरलेले असते: हुतात्म्याचे पावित्र्य बाजाराने विटाळले. हे उत्तर भावनेला पटणारे असले तरी इतिहासाला पटणारे नाही. बाजार आणि क्रांतिकारकाची प्रतिमा यांचा संबंध आजचा नव्हे. त्या संबंधाचे स्वरूप मात्र पालटले आहे. ते कोठे पालटले, हे पाहणे अधिक उद्बोधक ठरेल.

भगतसिंगांचे ते छायाचित्र एप्रिल १९२९ मध्ये, मध्यवर्ती कायदेमंडळात बाँब टाकण्यापूर्वी काही दिवस, दिल्लीतील काश्मिरी गेट येथील रामनाथ यांच्या छायाचित्रशाळेत काढले गेले. ते कौटुंबिक आठवण म्हणून काढलेले नव्हते. अटक अटळ होती, नव्हे तीच योजना होती. आणि अटकेनंतर वृत्तपत्रांच्या हाती चेहरा पडावा, हाही त्या योजनेचाच भाग होता. बटुकेश्वर दत्त यांचेही छायाचित्र त्याच हेतूने काढून घेण्यात आले. महिना संपण्यापूर्वी ती छायाचित्रे वृत्तपत्रांत झळकली. म्हणजे ज्या प्रतिमेच्या अमर्याद प्रतींबद्दल आज खंत व्यक्त होते, ती प्रतिमा मुळात प्रती निघाव्यात म्हणूनच जन्मास आली होती. भगतसिंगांना मुद्रणयुगाची शक्ती पुरती उमगली होती.

१९३१ च्या फाशीनंतर ही प्रतिमा बाजारात आली ती रंगीत चित्रांच्या रूपाने. कानपूर आणि लाहोर येथील चित्रप्रकाशकांनी भगतसिंग, राजगुरू आणि सुखदेव यांची चित्रे छापली व विकली. हे प्रकाशक काही धर्मार्थ संस्था चालवीत नव्हते; देवदेवतांची चित्रे विकणारेच हे लोक होते. महाराष्ट्रालाही ही परंपरा अपरिचित नाही. विष्णुशास्त्री चिपळूणकर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १८७८ साली पुण्यात काढलेल्या चित्रशाळेने देवांच्या चित्रांशेजारी शिवाजी महाराज आणि पेशवे यांची चित्रे घराघरांत पोहोचविली, आणि तीही विकूनच. तेव्हा पैसे देऊन वीराचे चित्र घेणे यात आपल्या परंपरेला कधी अनुचित असे काही वाटले नाही.

मग भेद कोठे आहे? पहिला भेद धोक्याचा आहे. भगतसिंगांची अनेक चित्रे सरकारने जप्त ठरविली. अशी जप्त चित्रे आज दिल्लीच्या राष्ट्रीय अभिलेखागारात आणि लंडनच्या ब्रिटिश लायब्ररीत जतन केलेली आहेत. साम्राज्याला ज्यांची भीती वाटली, त्यांचे जतन साम्राज्याच्याच दप्तरांनी केले, हा इतिहासाचा एक चमत्कारच म्हणावयाचा. असे चित्र छापणारा, विकणारा आणि भिंतीवर लावणारा, असे तिघेही अल्पस्वल्प का होईना, काही पणाला लावीत होते. चित्राची किंमत आण्यांत मोजली जाई, पण त्याचे मोल त्या धोक्यात होते. आज टी-शर्ट घेणाऱ्याला द्यावी लागते ती केवळ छापील किंमत.

दुसरा भेद अधिक सूक्ष्म आहे. त्या जुन्या चित्रांत भगतसिंग बहुधा एकटे नसत. फासाखाली तिघे उभे आहेत किंवा भारतमातेला तिघेही आपली मस्तके अर्पण करीत आहेत, असेच चित्रण पुष्कळदा आढळे. आजच्या सदऱ्यावर मात्र एकच चेहरा उरला आहे. पुणे जिल्ह्यातील ज्या खेड गावाला आज राजगुरुनगर म्हणतात, तेथे १९०८ साली जन्मलेले शिवराम हरी राजगुरू २३ मार्च १९३१ रोजी त्याच तुरुंगात, त्याच वेळी फासावर गेले; पण त्यांचा चेहरा फॅशनच्या बाजारास फारसा लागला नाही. याचे मर्म हॅटच्या कथेतच सापडते. डिसेंबर १९२८ मध्ये साँडर्सच्या वधानंतर लाहोरहून निसटताना भगतसिंगांनी साहेबी पोशाख केला, दुर्गावती देवी व्होरा आपल्या लहान मुलासह त्यांची पत्नी म्हणून निघाल्या, आणि राजगुरूंनी त्यांच्या नोकराचा वेष घेतला. हॅट हे जसे वेषांतर होते, तसेच नोकराचे कपडे हेही वेषांतरच होते. धोका दोघांनाही सारखाच होता. बाजाराने त्यांतील साहेबी वेष तेवढा उचलला; नोकराचा वेष फॅशन होऊ शकत नाही.

क्यूबातील प्रतिमेची कथाही याहून फारशी वेगळी नाही. ५ मार्च १९६० रोजी हवानात, ‘ला कूब्र’ या जहाजावरील स्फोटात मृत्यू पावलेल्यांच्या शोकसभेत आल्बेर्तो कोर्दा यांनी चे गेव्हाराचे छायाचित्र टिपले. मूळ चौकटीत एका बाजूस दुसऱ्या एका माणसाचा चेहरा आणि दुसऱ्या बाजूस ताडाच्या झावळ्या होत्या. त्या कापून टाकल्यावर उरला तो एकाकी चेहरा, आणि जगाला ठाऊक झाला तोही तोच. १९६८ मध्ये आयरिश चित्रकार जिम फिट्झपॅट्रिक यांनी त्यास लाल-काळ्या रंगांत बांधले. प्रथम शोकसभा गेली, मग शेजारचा माणूस गेला, अखेर छायाप्रकाशही गेला. पुढे एका व्होडकाच्या जाहिरातीत तो चेहरा वापरला गेला, तेव्हा कोर्दा यांनी २००० साली दावा लावला, आणि तडजोडीत मिळालेली रक्कम क्यूबातील वैद्यकीय कार्यास देऊन टाकली. प्रतिमा सर्वत्र पसरावी याला त्यांची हरकत नव्हती. ती मद्य खपविण्यास राबावी याला होती. या भेदाची जाण आपल्याकडील चर्चेत क्वचितच दिसते.

तिसरी गोष्ट चौकटीबाहेर गेली आहे, आणि तीच सर्वांत महत्त्वाची आहे. ८ एप्रिल १९२९ रोजी कायदेमंडळात बाँब पडले, ते कोणत्या प्रसंगी? त्या दिवशी ट्रेड डिस्प्यूट्स बिल संमत झाले होते आणि सार्वजनिक सुरक्षा विधेयकावर अध्यक्ष विठ्ठलभाई पटेल आपला निर्णय देणार होते. पहिल्या विधेयकाने सहानुभूतीचे संप बेकायदा ठरविले, आणि लोकोपयोगी सेवांतील कामगारांवर संपापूर्वी १४ दिवसांच्या नोटिशीचे बंधन घातले. त्यामागे १९२८ मधील मुंबईच्या गिरण्यांचा दीर्घ संप होता. बाँबस्फोटापूर्वी अवघे १९ दिवस, २० मार्च रोजी, मीरत खटल्यासाठी डांगे, निंबकर, मिरजकर, जोगळेकर, घाटे प्रभृती कामगार पुढाऱ्यांना अटक झाली होती. सभागृहात उधळलेल्या पत्रकात या विधेयकांचा आणि या अटकांचा स्पष्ट उल्लेख आहे. म्हणजे ज्या कृत्यासाठी ते छायाचित्र काढले गेले, ते कृत्य परळ-लालबागच्या गिरणी कामगारांच्या संपाशी थेट निगडित होते. टी-शर्टवरील चेहऱ्यात या संपाची खूणही उरलेली नाही.

येथे बंगळुरूकडे पुन्हा वळणे प्राप्त आहे. तयार कपड्यांच्या धंद्यातील हे देशातील एक प्रमुख केंद्र. पीण्या, बोम्मनहळ्ळी, होसूर रोड, म्हैसूर रोड या भागांतील कारखान्यांत शिलाई यंत्रांवर बसतात त्या बहुतांशी स्त्रिया, आणि त्यांतील असंख्य खेड्यांतून आलेल्या. फेब्रुवारी २०१६ मध्ये केंद्र सरकारने नियम काढला की भविष्यनिर्वाह निधीतील मालकाचा हिस्सा वयाची ५८ वर्षे पूर्ण होईपर्यंत काढता येणार नाही. जिला त्या वयापर्यंत यंत्रावर बसता येण्याची शाश्वती नाही, तिच्या दृष्टीने ही बचत हिरावल्यासारखीच होती. १८ आणि १९ एप्रिल रोजी हजारो स्त्रिया, कोणत्याही मोठ्या संघटनेच्या हाकेवाचून, रस्त्यावर उतरल्या. लाठ्या चालल्या, बसगाड्या जळाल्या. आणि १९ तारखेसच सरकारने नियम मागे घेतला. या उठावाला नायक नव्हता, म्हणून त्याला चेहराही नाही, आणि म्हणून त्याचा टी-शर्ट निघाला नाही. पुढे २०२० साली संसदेने संमत केलेल्या औद्योगिक संबंध संहितेने संपापूर्वीच्या १४ दिवसांच्या नोटिशीचे बंधन सर्वच औद्योगिक आस्थापनांना लागू केले. भगतसिंगांच्या चेहऱ्याचे कपडे विकणाऱ्या बाजारात या योगायोगाची चर्चा होत नाही.

कायद्याकडून या बाबतीत फारशी अपेक्षा बाळगता येत नाही. बोधचिन्हे व नावे यांच्या अनुचित वापरास प्रतिबंध करणारा १९५० चा कायदा शिवाजी महाराज, गांधी, नेहरू, इंदिरा गांधी अशा काही मोजक्या व्यक्तींची नावे आणि चित्रे व्यापारापासून राखतो. मालाची जाहिरात न करणाऱ्या दिनदर्शिकांना मात्र त्याने मोकळीक दिली आहे. त्या यादीत भगतसिंग नाहीत. पण ते असते तरी काय साधले असते? कायदा प्रतिमेचा मान राखू शकतो, तिचा अर्थ राखू शकत नाही. २००८ मध्ये संसदेच्या आवारात उभारलेल्या पुतळ्यावर हॅट नाही, फेटा आहे. तेथे व्यापाराचा लवलेश नव्हता, तरी चेहऱ्याच्या मालकीचा वाद उद्भवलाच.

सदरा पाहून एखादा तरुण पुस्तकाकडे वळतो, हे नाकारण्याचे कारण नाही. पण पुस्तकाला लागलेला काळ ध्यानी घ्यावा. भगतसिंगांचा चेहरा काही दिवसांत देशभर गेला. त्यांची तुरुंगातील टिपणवही, जीत त्यांनी वाचलेल्या ग्रंथांतील उतारे त्यांच्या हस्ताक्षरात आहेत, ती पुस्तकरूपाने प्रसिद्ध झाली १९९४ साली, जयपूर येथे. चेहरा आणि शब्द यांच्यामध्ये साठांहून अधिक वर्षांचे अंतर पडले. बाजाराने जे केले ते या अंतराचा लाभ घेणे होय. हे अंतर निर्माण केले ते आपल्या वाङ्मयीन आळसाने. भाषांतरकाराने मूळ संहितेतील एकच सुंदर वाक्य ठेवून बाकीचा ग्रंथ गाळला, तर त्यास आपण भाषांतर म्हणत नाही. सदऱ्यावरील चेहरा हे तसेच एक वाक्य आहे. ते पुसून टाकण्याची मागणी करण्यापेक्षा गाळलेला मजकूर भरून काढणे हे अभ्यासकांचे काम आहे. त्या मजकुरात राजगुरूंचा नोकराचा वेष येईल, १९२९ चे विधेयक येईल, मुंबईची गिरणी येईल. आणि बोम्मनहळ्ळीच्या रस्त्यावरील त्या स्त्रियांनाही त्यात जागा द्यावी लागेल.