इंधनभरणा वाद, १९९१

आखाती युद्धकाळात अमेरिकेच्या लष्करी मालवाहू विमानांना भारतीय विमानतळांवर इंधन देण्याच्या निर्णयावरून झालेला राजकीय वाद.

२ ऑगस्ट १९९० रोजी इराकने कुवेत व्यापला. तेथील भारतीयांपैकी एक लाखाहून अधिक लोकांना एअर इंडियाने, मुख्यतः अम्मानमार्गे, मुंबईला आणले. १७ जानेवारी १९९१ला युद्ध पेटले. फिलिपीन्सहून आखाताकडे जाणारी विमाने मुंबईच्या सहार विमानतळावर उतरून टाक्या भरून घेत. मद्रास व आग्रा येथेही ही सोय होती. परवानगी चंद्रशेखर यांच्या अल्पमतातील सरकारची. ते काँग्रेसच्या बाहेरून मिळणाऱ्या पाठिंब्यावर तगलेले. राजीव गांधी व डावे पक्ष यांनी हा अलिप्ततेचा भंग ठरवला (पहा : अलिप्ततावाद). विमानांत शस्त्रे नसतात, हा सरकारी खुलासा. मात्र लष्करी विमानाला दिलेले इंधन युद्धाबाहेरचे कसे, हा मूळ प्रश्न त्याने सुटत नव्हता. फेब्रुवारीत सोय थांबली.

आखातातील युद्धात अमेरिकेला साथ देण्याचा असाच प्रश्न पुढेही उभा राहिला : २००३ मध्ये इराकमध्ये सैन्य पाठवण्याची अमेरिकेची विनंती वाजपेयी सरकारने संयुक्त राष्ट्रांच्या स्पष्ट आदेशाअभावी १४ जुलै रोजी नाकारली (पहा : इराक युद्ध).