जालन्याचे शेषाद्री, छावणीचे रतनजी

मुंबईत 1843 साली एका ब्राह्मण घरात वादळ उठले. नारायण शेषाद्री या तरुणाने रॉबर्ट नेस्बिट या स्कॉटिश मिशनऱ्याकडून बाप्तिस्मा घेतला. धाकटा भाऊ श्रीपत जेमतेम बारा वर्षांचा होता. तोही मिशनच्या आश्रयाला गेला, तेव्हा वडिलांनी सुप्रीम कोर्टात धाव घेतली आणि कोर्टाने मुलगा त्यांच्या ताब्यात दिला. पुढे श्रीपतला जातीत परत घ्यावे की नाही यावरून मुंबई ढवळून निघाली. बाळशास्त्री जांभेकर त्याच्या शुद्धीकरणाच्या बाजूने ठामपणे उभे राहिले आणि त्यासाठी त्यांनी सनातन्यांचा रोष ओढवून घेतला.

त्या काळी मिशनच्या शाळांत बायबलचा वर्ग भरे. विद्यार्थी मोजकेच, पण प्रश्न धारदार. मूर्तिपूजा, पाप, मोक्ष, येशूचे देवपण, सगळ्यावर वाद होई. शेषाद्री अशाच वातावरणात घडले, आणि 1860च्या दशकात निजामाच्या मुलखातल्या जालन्याला आले ते हीच शिदोरी घेऊन.

जालना तेव्हा औरंगाबादच्याच, म्हणजे आजच्या छत्रपती संभाजीनगरच्या, परिसरात मोडे. स्वतंत्र जिल्हा व्हायला 1981 उजाडले. तिथे समोर बसणारी माणसे मुंबईच्या विद्यार्थ्यांसारखी नव्हती. बहुतेक मातंग आणि महार वस्तीतली, अक्षरओळख नसलेली. त्यांना शास्त्र शिकवायचे ते तोंडीच. शिकवणारा प्रश्न विचारी: तुला कोणी निर्माण केले? उत्तर सगळे मिळून म्हणत. दहा आज्ञा आणि प्रभूची प्रार्थना घोकून पाठ होई. पाठ झालेल्याचा अर्थ कळला आहे का, हे बाप्तिस्म्याआधी पाहिले जाई. ज्यांना गावच्या शाळेत पायरीही चढू देत नसत, त्यांच्यासाठी हा जन्मातला पहिला वर्ग होता. मला या साऱ्या इतिहासात हीच गोष्ट सर्वांत मोठी वाटते.

शेषाद्रींनी जालन्याजवळ बेथेल नावाचे गाव वसवले. धर्म बदललेल्या माणसाला जुन्या वस्तीत राहणे अवघड होई, म्हणून शेती, घरे, शाळा आणि प्रार्थनागृह एकाच ठिकाणी आणले. जमीन मिळवून देण्यात हैदराबादचे दिवाण सर सालारजंग यांची मदत झाली. मुस्लिम राज्याचा दिवाण, ब्राह्मण कुळातला पाळक आणि मातंग-महारांची मंडळी असा मेळ त्या काळी दुर्मिळच. 1873 साली न्यूयॉर्कच्या इव्हँजेलिकल अलायन्सच्या परिषदेत शेषाद्री पागोटे घालूनच गेले. 1891 साली त्यांचे निधन झाले.

खुद्द औरंगाबादेत हे काम चर्च मिशनरी सोसायटीकडे होते. इथले पाळक रेव्हरंड रतनजी नवरोजी जन्माने पारशी. ख्रिस्ती झाल्यावर त्यांनी अनेक दशके या शहरात आणि आसपासच्या खेड्यांत घालवली. म्हणजे या भागात ख्रिस्ताची ओळख करून देणारे ठळक शिक्षक दोन, एक ब्राह्मण कुळातला आणि एक पारशी. दोघांनीही आपल्या घरचा धर्म आधी पारखून पाहिला होता. त्यामुळे शंका घेणाऱ्याला गप्प बसवण्याऐवजी त्याचे म्हणणे ऐकून घेण्याची तयारी त्यांच्यात असणे साहजिक होते. मिशनच्या बायबलवाल्या बाया घरोघरी जाऊन स्त्रियांसोबत बसत. तेही शिक्षणच होते.

वैजापूरकडे वळले की कॅथलिक कथा सुरू होते. घोगरगावात गुरियन जाकियर या फ्रेंच धर्मगुरूंनी काम केले. लोक त्यांना गुरियनबाबा म्हणत. कॅथलिक गावांत कॅटेकिस्ट, म्हणजे गावकऱ्यांचे ‘मास्तर’, धर्मशिक्षण देत. धर्मगुरू अधूनमधून येई, पण मास्तर रोज गावात असे. 1977 साली औरंगाबाद स्वतंत्र कॅथलिक धर्मप्रांत झाला.

शिकवण्याच्या रीतीत मराठी मातीही उतरली. नगरकडे कृष्णराव सांगळे यांनी ख्रिस्ती कीर्तन रंगवले. नारायण वामन टिळकांनी अभंग आणि ओवी ख्रिस्तभक्तीसाठी वापरली आणि 1917 साली साताऱ्यात ‘देवाचा दरबार’ सुरू केला. बाप्तिस्मा न घेताही ज्यांना येशू गुरू वाटतो, त्यांनाही तिथे जागा होती. पंथाच्या चौकटीत अडकलेल्या मंडळ्यांना ते पचायला जड गेले. तरी टिळकांची गीते आजही मराठी उपासनेत गायली जातात.

1970 साली नागपुरात चर्च ऑफ नॉर्थ इंडिया स्थापन झाले. रतनजींचा अँग्लिकन पंथ आणि शेषाद्रींची प्रेसबिटेरियन परंपरा त्यात एकत्र आली. छत्रपती संभाजीनगरच्या छावणीतले ख्राइस्ट चर्च आज त्याच मंडळीचे आहे.

पाळकांची नावे पुस्तकांत सापडतात. वस्तीवर शिकवणारे मास्तर आणि बायबलवाल्या बाया मात्र बहुधा फक्त घरच्या आठवणींत उरल्या आहेत. ज्यांच्या घरात आजी-आजोबांचे जुने गीतांचे पुस्तक किंवा बाप्तिस्म्याचा दाखला असेल, त्यांनी तो जपावा आणि आजी-आजोबांना शास्त्र कोणी शिकवले ते विचारून आताच लिहून ठेवावे.