सूचींतील ग्रामनामांचा शोध

सोलापूर जिल्ह्यांतील श्रीपूर येथें बसून आज संगणकावर दूरच्या ग्रंथसंग्रहाची सूचि पाहतां येते. परंतु जवळच्या पंढरपूरचे कागद त्या सूचींत असूनही सांपडतीलच असें नाहीं. मोडी लिपींत उकाराचा ऱ्हस्वदीर्घभेद सामान्यतः दाखवीत नाहींत. म्हणून कागद बाळबोधींत उतरविणारा स्वमतानें 'पंढरपुर' वा 'पंढरपूर' लिहितो. १९६२ च्या लेखननियमांनीं ग्रामनामांतील 'पूर' दीर्घ ठरविला, तरी पूर्वींच्या याद्या तशाच राहिल्या. शिवाय 'पंढरपुरास', 'पंढरपुराहून' अशीं विभक्तिरूपें आहेतच. जिल्ह्याचें नांवही १८८४ च्या इंग्रजी गॅझेटियरांत 'शोलापूर' असें आहे. केवळ अक्षरें जुळविणारा संगणक यांस भिन्न नांवें समजतो.

यास्तव सूचिकारानें एक प्रमाण नाम ठरवून त्यास सर्व रूपें जोडावीं. कोणतेंही रूप घातलें तरी सर्व नोंदी एकत्र मिळाव्या. मात्र मूळ कागदांतील लेखन बदलूं नये. तोही एक पुरावाच आहे. संग्राहकांनीं आपल्या याद्यांत पर्यायनामांचा एक रकाना अवश्य ठेवावा, अशी आमची विनंति आहे. सूचींत असून न सांपडणारा कागद संशोधकापुरता नष्टच होय.