मेस्मर (चित्रपट)

मेस्मर : संमोहनशास्त्राचा आद्य प्रवर्तक म्हणून ओळखला जाणारा जर्मन वैद्य फ्रांट्स आंटोन मेस्मर (१७३४–१८१५) याच्यावरील इंग्रजी ऐतिहासिक चित्रपट (१९९४). दिग्दर्शन रॉजर स्पॉटिसवुड, पटकथा डेनिस पॉटर. मेस्मरच्या भूमिकेत ॲलन रिकमन, तर त्याची अंध रुग्ण, पियानोवादक मारिया थेरेझिया पाराडिस हिच्या भूमिकेत स्वीडिश अभिनेत्री अमांडा ऊम्स.

चित्रपटाच्या नशिबी मोठा प्रेक्षकवर्ग नव्हता. मूळ पटकथेत परस्पर बदल झाले, या कारणावरून वितरकांशी वाद झाला आणि प्रदर्शन रखडले. पॉटरचे निधन जून १९९४ मध्येच झाले होते. त्याच वर्षी माँट्रियलच्या महोत्सवात रिकमनला सर्वोत्कृष्ट अभिनेत्याचा पुरस्कार मिळाला, तरी चित्रपट चित्रपटगृहांत फारसा पोचला नाही. ज्यांनी पाहिला त्यांतल्या बहुतेकांनी घरच्या पडद्यावर, आणि रिकमनच्या नावाखातर पाहिला. प्रेक्षकांच्या मतांचा विचार करताना हे ध्यानात ठेवावे लागते, कारण मुळात चाहतेच जमले असल्यावर अभिनयाची स्तुती ठरलेलीच असते.

तरीही ती स्तुती अनाठायी नाही. मेस्मरच्या उपचारात औषध नव्हते. नजर, आवाज आणि रुग्णाच्या अंगाजवळून फिरणारे हात एवढेच त्याचे भांडवल. ‘डाय हार्ड’मधला खलनायक रंगवणाऱ्या रिकमनचा संथ, खर्जातला आवाज इथे चपखल बसतो. चित्रपट आवडला नाही म्हणणारेही अभिनयाला नावे ठेवत नाहीत. तक्रारी वेगळ्या आहेत : गती मंद आहे, संवाद नाटकी आहेत, कथानक तुटक आहे. यांतली तिसरी तक्रार मला सर्वांत रास्त वाटते; व्हिएन्नाचा भाग पकड घेतो, पॅरिसला गेल्यावर ती सुटते.

नाराजीचे एक कारण मात्र गैरसमजातून येते. संमोहनाचा जनक म्हटल्यावर प्रेक्षक झुलते घड्याळ आणि ‘तुम्हाला झोप येत आहे’ची वाट पाहत बसतो. रंगमंचावरचे संमोहनाचे प्रयोग पाहिलेल्या आपल्याकडच्या प्रेक्षकाचेही तेच होणार. मेस्मरने मात्र कोणाला झोपवले नाही. त्याला हवा असे तो झटका. विश्वात एक अदृश्य द्रव भरून आहे, शरीरात त्याचा प्रवाह अडला की माणूस आजारी पडतो, आणि आचके, रडणे, किंकाळ्या यांतून तो मोकळा झाला की बरा होतो, असा त्याचा सिद्धांत होता. ग्रहांचा मानवी शरीरावरील परिणाम हा त्याच्या १७६६ च्या व्हिएन्नातील प्रबंधाचा विषय. पुढे १७७४ मध्ये त्याने लोहचुंबक वापरून पाहिले आणि नंतर चुंबकही सोडून दिले. झोपेसारखी, बोलती अवस्था १७८४ मध्ये आढळली ती त्याचा शिष्य मार्की द प्युइसेग्यूर याला, व्हिक्टर रास नावाच्या शेतकरी तरुणावर उपचार करताना. द्रवाची कल्पना टाकून संमोहनाला वैद्यकीय रूप दिले ते मँचेस्टरच्या जेम्स ब्रेडने, १८४० च्या दशकात. त्याच दशकात बंगालमध्ये हुगळीला जेम्स एस्डेल हा शल्यविशारद मेस्मरच्या पद्धतीने रुग्णांना गुंगवून शस्त्रक्रिया करत होता. चित्रपटाचा काळ या सगळ्याच्या आधीचा, त्यामुळे पडद्यावरची किंचाळणारी माणसे हा दिग्दर्शकाचा भडकपणा नव्हे.

पॅरिसमधल्या उपचारगृहाचे देखावेही अनेकांना अतिरंजित वाटतात. इतिहासातले वर्णन मात्र त्याहून नाटकी आहे. ओकचे मोठे झाकणबंद पिंप. आत पाण्याच्या बाटल्या, लोखंडाचा कीस, काचेचा चुरा. झाकणातून वाकवलेले लोखंडी गज बाहेर आलेले, ते रुग्णांनी दुखऱ्या जागी टेकवायचे. सगळ्यांभोवती एक दोर, आणि कानांवर काचवाद्याचे तरंगते सूर. हे वाद्य बेंजामिन फ्रँकलिनने घडवलेले, आणि या उपचारांच्या तपासासाठी १७८४ मध्ये सोळाव्या लुईने नेमलेल्या चौकशी मंडळाच्या अग्रस्थानीही तोच.

मेस्मर भोंदू होता की द्रष्टा, हे चित्रपट सांगत नाही. मते दुभंगतात ती इथे. काहींना हा पॉटरचा धूर्तपणा वाटतो, काहींना पळवाट. माझ्या मते पटकथेचे बळ याच अनिर्णयात आहे, कारण चौकशी मंडळाचा निकालही सरळ नव्हता. लाव्हाझिए, बायी, गियोतँ अशी मंडळी त्यात होती. पासी येथे फ्रँकलिनच्या बागेत एका बारा वर्षांच्या मुलाचे डोळे बांधून त्याला झाडाझाडापाशी नेले. द्रवाने ‘भारलेले’ झाड जर्दाळूचे होते. मुलगा भलत्याच, चौथ्या झाडाशी बेशुद्ध पडला. द्रव नाही, हे सिद्ध झाले. बेशुद्धी मात्र खरी होती, आणि मंडळाने ती कल्पनाशक्तीच्या पदरात घातली. परिणाम खरा आणि कारण खोटे, असा माणूस पडद्यावर आणायचा तर प्रेक्षकाला ठाम उत्तर देता येत नाही. एक बारकावा : या प्रयोगांत तपासले गेले ते मेस्मरचे नव्हे, त्याचा सहकारी देलाँ याचे उपचार. मेस्मर चौकशीपासून दूर राहिला.

उपचारांतली शारीर जवळीक हा आक्षेपाचा आणखी एक मुद्दा. वैद्य गुडघ्याला गुडघा लावून तरुणीसमोर बसतो, हात फिरवतो. प्रणयकथा म्हणून पाहणारे खूश होतात, बाकीचे अस्वस्थ. ही अस्वस्थता त्या काळीही होती. जाहीर अहवालाबरोबर बायीने राजाला एक गुप्त अहवाल दिला, त्याचा रोख नेमका यावर होता : चुंबकोपचार करणारा पुरुष आणि रुग्ण स्त्री, ही रचनाच नीतीला धोकादायक.

पाराडिसच्या अंधत्वामागे वडिलांचा अत्याचार असल्याची सूचना चित्रपट करतो. तिला इतिहासाचा आधार नाही. मनोविश्लेषणाच्या युगातला अंदाज दोनशे वर्षे मागे नेलेला आहे. जाणत्या प्रेक्षकांना हे खटकते, आणि खटकायलाच हवे, कारण उपलब्ध हकीकत त्याहून विलक्षण आहे. १७७७ मध्ये उपचारांदरम्यान तिला काही दिसू लागल्याचे नोंदले आहे. माणसांची नाके तिला भीतिदायक वाटली. माणसापेक्षा कुत्र्याचे तोंड बरे, असे तिचे म्हणणे. दिसू लागल्यावर तिचे वादन मात्र बिघडले, बोटे चाचपडू लागली. सम्राज्ञीकडून मिळणारे निवृत्तिवेतन जाण्याची धास्ती आईवडिलांना पडली, असे मेस्मरचे म्हणणे होते. त्यांनी तिला परत नेले, ती पुन्हा अंध झाली, आणि १७७८ च्या सुरुवातीला मेस्मर पॅरिसमध्ये दिसतो.

हीच हकीकत बार्बारा आल्बर्टच्या ‘लिश्ट’ (२०१७) या जर्मन चित्रपटात पाराडिसच्या बाजूने येते. तो आलिसा वाल्झरच्या २०१० च्या कादंबरीवर आधारित असून मारिया द्रागुस पाराडिस, तर डेव्हिड श्ट्रीझो मेस्मर झाला आहे. दोन्ही पाहणाऱ्यांनी ‘लिश्ट’ला झुकते माप दिले तर नवल नाही. तिथला मेस्मर मोहक नाही. प्रतिष्ठेसाठी धडपडणारा, बऱ्यापैकी प्रामाणिक वैद्य आहे, आणि दृष्टी की संगीत हा पेच मुलीचा राहतो. रिकमनच्या चित्रपटात तो पेच नायकाच्या वलयाखाली दबतो. पाराडिसने १७८३ पासून काही वर्षे युरोपभर वादनाचे दौरे केले, संगीतरचना केल्या, १८०८ मध्ये व्हिएन्नात संगीतशाळा काढली आणि १८२४ मध्ये तिचे निधन झाले.