परकायाप्रवेशाचे नियम: मच्छिंद्रनाथांपासून फाशांच्या खेळापर्यंत

अंबरनाथमध्ये बसून परकायाप्रवेशावर बोलायचे तर फार लांब जावे लागत नाही. आपल्या शिवमंदिराबद्दल, त्या शके ९८२ च्या म्हणजे इ.स. १०६० च्या शिलालेखाबद्दल पुष्कळ बोलले जाते. आज मात्र आपण देवळाकडे पाठ करून मलंगगडाकडे बघू. त्या गडावर हाजी मलंगबाबांचा दर्गा आहे, आणि तिथेच मच्छिंद्रनाथांची समाधी आहे असे नाथपंथाला मानणारे सांगतात. त्या वादात आम्ही शिरत नाही. आम्हांला मच्छिंद्रनाथ हवे आहेत ते वेगळ्या कारणासाठी. माणूस दुसऱ्या देहात गेला तर त्याच्याबरोबर काय जाते, आणि परत येताना काय येते, हा प्रश्न मराठी घराघरांत पोहोचला तो त्यांच्या कथेतून.

हाच प्रश्न हल्लीची कॉलेजातली मुले टेबलाभोवती बसून, फासे टाकत, तासन्‌तास भांडून सोडवतात. त्या खेळाचे नाव डंजन्स अँड ड्रॅगन्स. १९७४ साली अमेरिकेत गॅरी गायगॅक्स आणि डेव्ह आर्नेसन या दोघांनी तो प्रसिद्ध केला. प्रत्येक खेळाडू एक पात्र घेतो, एकजण सूत्रधार होतो, आणि पात्राचे बळ, बुद्धी, जीव हे सगळे आकड्यांत मांडलेले असते. पात्राने अस्वलाचे रूप घेतले तर यांतले कोणते आकडे बदलायचे? आमच्या पिढीला हा पोरखेळ वाटतो. पण नियमांचे पुस्तक उघडून बघा, तिथे तत्त्वज्ञानाचा एक जुनाच पेच बसलेला आहे.

आधी जुन्याकडे जाऊ. पतंजलींच्या योगसूत्रांत, विभूतिपादात, चित्त दुसऱ्या शरीरात शिरते असे एक सूत्र आहे. अटी दोन. चित्ताला देहाशी बांधणारे कारण सैल व्हायला हवे आणि चित्ताच्या जाण्यायेण्याच्या वाटा कळायला हव्यात. व्यासभाष्यात दाखला मधमाश्यांचा दिला आहे. राजमाशी उडाली की बाकीच्या तिच्यामागे उडतात, तशी इंद्रिये चित्तामागे जातात. आणि बांधणारे ते कारण कोणते? कर्म. एवढे लक्षात ठेवा, पुढे लागणार आहे.

आता शंकराचार्यांची कथा. ती माधवाच्या नावावर असलेल्या शंकरदिग्विजयात येते. ग्रंथ आचार्यांनंतर कित्येक शतकांनी रचलेला, म्हणजे चरित्र म्हणून त्यावर विसंबता येत नाही. पण नियम कसे लावले जात होते, हे बघायला तो उत्तम आहे. मंडनमिश्रांची पत्नी उभयभारती कामशास्त्रावर प्रश्न विचारते. संन्याशाला उत्तर येणार कुठून? आचार्य मुदत मागून घेतात, आपला देह गुहेत शिष्यांच्या राखणीत ठेवतात आणि नुकत्याच वारलेल्या अमरुक राजाच्या देहात शिरतात. निघण्यापूर्वी पद्मपाद त्यांना अडवतो, आणि दाखला कोणाचा देतो? मच्छिंद्रनाथांचा! दुसऱ्या देहात जाऊन गुरू विसरून गेला, गोरखाला त्याला शोधून परत आणावे लागले, तसे तुमचे होईल.

आचार्य जातात, राण्यांच्या सहवासात शिकतात, परत येतात. पुढे काश्मीरच्या शारदापीठावर चढताना देवी अडवते: तू स्त्रीसंग केला आहेस, तू शुद्ध कसा? त्यांचे उत्तर असे की या देहाने जन्मापासून काही पाप केले नाही. दुसऱ्या देहात जे घडले त्याचा लेप या देहाला लागत नाही. देवीला ते पटते. आम्हांला पटत नाही, आणि का ते सांगतो. मुळात गेला होतात कशाला? ज्ञान आणायला. ते ज्ञान परत आले की नाही? आले, त्याच्याच जोरावर वाद जिंकला. मग शिकलेले तेवढे चित्ताबरोबर परत येते आणि केलेले तेवढे राजाच्या प्रेतात राहते, हा कुठला न्याय? योगशास्त्राच्या हिशेबाने तर कर्माचा साठा चित्तातच असतो. चित्त गेले की तोही गेला, चित्त आले की तोही आला. अद्वैती म्हणतील, आत्मा मुळी कर्ताच नाही. ठीक आहे, पण मग या देहाचे आणि त्या देहाचे असे दोन हिशेब मांडायची गरजच उरत नाही.

इथे खेळाचे पुस्तक कामाला येते. २०१४ च्या पाचव्या आवृत्तीत रूपांतराच्या दोन वाटा आहेत. 'वाइल्ड शेप' ही वनपूजकाची विद्या. तीत शरीराचे आकडे जनावराचे होतात, पण बुद्धी, शहाणपण आणि व्यक्तिमत्त्वाचा प्रभाव हे तिन्ही आकडे स्वतःचेच राहतात. 'पॉलिमॉर्फ' हा मंत्र. त्यात हे तिन्हीसुद्धा जनावराचे होतात. वृत्ती आणि स्वभाव तेवढे मूळचे उरतात. म्हणजे बघा, पहिला नियम शंकराचार्यांचा, दुसरा पद्मपादाला ज्याची भीती होती तो. मुलांची भांडणे दुसऱ्यावरच होतात. बुद्धी उंदराची आणि स्वभाव मित्राचा, तर तो आपल्या सोबत्यांना ओळखेल का? पुस्तक तपशिलात जात नाही, सूत्रधाराला ठरवावे लागते. जॉन लॉकने १६९४ साली राजपुत्राची स्मृती चांभाराच्या देहात घालून हाच प्रश्न विचारला होता. त्याने कौल स्मृतीच्या बाजूने दिला. इथे स्मृतीचे नावच नाही.

आणि जखमांचा नियम तर शारदापीठावर वाचून दाखवावा असा आहे. समजा अस्वलाच्या अंगात जीवाचे १० गुण उरलेत आणि घाव १६ चा बसला. अस्वलरूप संपते, माणूस मूळ रूपात येतो, पण उरलेले ६ त्याच्या स्वतःच्या जीवातून वजा होतात. आधीचे सगळे घाव अस्वलाबरोबर गेले, जादा तेवढा मालकाकडे आला. खेळ करणाऱ्यांनी हे बहुधा खेळ जमावा म्हणून ठरवले असेल, पण दोन देहांचा हिशेब पूर्ण तोडायचा नाही आणि पूर्ण जोडायचाही नाही, हे त्यांनी उघड लिहून ठेवले. दिग्विजयकाराने ते लिहिले नाही.

आता मराठीकडे. मालू नावाच्या कवीने १८१९ साली नवनाथ भक्तिसार पुरा केला. श्रावणात त्याची पारायणे अजून होतात. त्यात मच्छिंद्रनाथ प्रयागच्या त्रिविक्रम राजाच्या प्रेतात शिरतात ते १२ वर्षांच्या बोलीवर, आणि त्यांचा मूळ देह शिवालयात लपवून ठेवला जातो. इथे पापाची चर्चा फारशी नाही. इथे संसार आहे. राणी रेवती आहे, पुढे तिला मुलगा होतो. एक दिवस तिला खरे काय ते कळते, आणि हा निघून जाऊ नये म्हणून ती तो राखलेला देह तोडून टाकायला लावते. दिग्विजयातही मंत्री प्रेते जाळायचा हुकूम देतात, पण त्यांना राज्य हवे असते. रेवतीला नवरा हवा आहे.

पारायणात रेवतीबद्दल कोणी चांगले बोलत नाही. आम्ही तिची बाजू घेतो. प्रवेश करणाऱ्यासाठी सगळे नियम आहेत: मुदत, राखण, गुप्तता. ज्या बाईच्या घरात हा देह १२ वर्षे वावरणार, तिला विचारायचा नियम एकही नाही. पॉलिमॉर्फमध्ये निदान एवढे आहे की ज्याच्यावर मंत्र टाकला त्याची तयारी नसेल तर त्याला फासा टाकून प्रतिकार करता येतो. रेवतीच्या हातात फासाच दिला नाही.

आणि तो मुलगा, धर्मनाथ. देह त्रिविक्रमाचा, चित्त मच्छिंद्राचे, मग मुलगा कोणाचा? कथेचे उत्तर चतुर आहे. तो त्रिविक्रमाच्या गादीवर बसतो, आणि पुढे गोरखनाथांकडून दीक्षाही घेतो. माघ शुद्ध द्वितीयेला नाथपंथात धर्मनाथ बीज पाळतात ती त्याच दीक्षेची. एकाच मुलाने दोन्ही बापांचा वारसा चालवला.