न्यायालयीन कामकाजाचे ध्वनिचित्रमुद्रण (नांदेड व लातूर)

जिल्हा व तालुका न्यायालयांतील साक्ष, युक्तिवाद आणि आदेश यांचे यंत्राने केलेले मुद्रण. नांदेड आणि १९८२ मध्ये उस्मानाबादपासून वेगळा झालेला लातूर हे दोन्ही जिल्हे मुंबई उच्च न्यायालयाच्या औरंगाबाद खंडपीठाच्या कक्षेत येतात.

प्रचलित रीत लेखी आहे. साक्षीदार बोलतो, न्यायाधीश त्याचे म्हणणे कथनरूपाने स्टेनोला सांगतात आणि टंकलिखित जबाब साक्षीदाराला वाचून दाखवला जातो. या रीतीत वकिलाचा प्रश्न बहुधा गळून पडतो. देगलूर-किनवटकडे तेलुगू वा लमाणी, उदगीर-निलंग्याकडे कन्नड वळणाचे बोलणे कागदावर प्रमाण मराठी होऊन उतरते. उलटतपासात याच शब्दांवर खल होत असल्याने मुद्रणाचे खरे महत्त्व येथे आहे. नोंदीची भाषाही बदलत गेली: निजामी अमलात न्यायालयाची भाषा उर्दू होती. कनिष्ठ न्यायालयांची भाषा मराठी ठरवणारी अधिसूचना २१ जुलै १९९८ ची आहे.

दिवाणी प्रक्रिया संहितेच्या आदेश १८, नियम ४ प्रमाणे (२००२ ची दुरुस्ती) साक्ष लेखी किंवा यांत्रिक पद्धतीने नोंदवता येते. फौजदारी प्रक्रिया संहितेच्या कलम २७५ मध्ये ३१ डिसेंबर २००९ पासून आरोपीच्या वकिलासमक्ष ध्वनिचित्रमुद्रणाची मुभा आली. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय नागरिक सुरक्षा संहितेने ती कायम ठेवली. दिवाणी व फौजदारी दोन्हीकडे मुभा आहे, सक्ती नाही. दूरदृश्य प्रणालीने साक्ष घेणे कायदेशीर असल्याचा निर्वाळा सर्वोच्च न्यायालयाने महाराष्ट्र शासन विरुद्ध प्रफुल्ल देसाई (२००३) या खटल्यात दिला.

मुद्रण पुरावा म्हणून कसे टिकते, याचा देशभर दाखला दिला जाणारा निकाल मराठवाड्यातलाच आहे. जालना विधानसभेच्या २०१४ च्या निवडणुकीत विजयी उमेदवार अर्जुन खोतकर यांनी उमेदवारी अर्ज मुदतीनंतर भरल्याचा आक्षेप प्रतिस्पर्धी कैलास गोरंट्याल यांनी घेतला. आधार होता निवडणूक निर्णय अधिकाऱ्याच्या कार्यालयातील कॅमेऱ्यांचे चित्रण. मागूनही अधिकाऱ्यांनी त्याचे पुरावा अधिनियमाच्या कलम ६५-ब खालील प्रमाणपत्र दिले नाही. अधिकाऱ्याची तोंडी साक्ष पुरेशी मानून औरंगाबाद खंडपीठाने २०१७ मध्ये निवड रद्द ठरवली. १४ जुलै २०२० रोजी सर्वोच्च न्यायालयाने खोतकर यांचे अपील फेटाळले, मात्र तोंडी साक्ष प्रमाणपत्राची जागा घेऊ शकत नाही असे सांगितले. मूळ उपकरणच हजर केले तर कलम ६५-ब चे प्रमाणपत्र लागत नाही. प्रतीसाठी ते अनिवार्य आहे. पक्षकाराने सर्व प्रयत्न करूनही ते मिळाले नाही, तर त्याला सूट मिळू शकते. कलम ६५-ब आता भारतीय साक्ष्य अधिनियमात कलम ६३ म्हणून आहे.

सीसीटीव्ही: सर्वोच्च न्यायालयाच्या २८ मार्च २०१७ च्या आदेशाने प्रत्येक राज्यातील किमान दोन जिल्ह्यांच्या न्यायालयांत, प्रारंभी आवाजाविना. चित्रण माहिती अधिकारात मिळत नाही. ते मिळवण्यास उच्च न्यायालयाची परवानगी लागते.

पक्षकाराने वा वकिलाने परस्पर मोबाइलवर मुद्रण करण्यास मनाई आहे. बालकांवरील लैंगिक अत्याचारांचे (‘पॉक्सो’ कायद्याखालील) खटले तर बंद दालनातच चालतात.